तुळशीपर्यंतचा पाइप

मे २००७, मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय. पाइप दुरुस्त करायला मुद्दाम सुट्टी टाकली आणि फजिती करून घेतली.

पालीच्या या घरामागे सगळा चढ. खाली सावली, म्हणून कुंड्या चढावर आणि तुळस सगळ्यात वर. उषाचे गुडघे गेलेत. तिला चढ-उतार करायला लागू नये म्हणून मी टायमरवाला पाइप बसवला. तर टायमर बंद झाला तरी पाइपात उरलेलं पाणी खालीच गळत राहतं. स्वयंपाकघराजवळचा मोगरा कुजला. मग वेळ कमी केली, तर मधली जास्वंद सुकली. दुकानदार म्हणाला, "साहब, ऊपर तक प्रेशर नहीं जाता होगा." मी कसला ऐकतोय! वरची तुळस तर हिरवीगार, मग पाणी पोचत नाही कसं?

आज सकाळी बघतो तर उषा आंघोळ करून, हातात तांब्या घेऊन, कुंपण धरत धरत वर चढतेय.

"अगं, टायमर आहे ना!"

"तुळशीला कोणी पाइपनं पाणी घालतं का?"

"म्हणजे रोज चढतेस?"

"तुम्ही ऑफिसला गेलात की."

वर जाऊन नळीचं टोक बघितलं. कोरडं ठणठणीत. तिथे थेंबसुद्धा कधी आला नसावा.

आणि मी रोज संध्याकाळी त्याच तुळशीकडे बोट दाखवून तिला सांगायचो, बघ, माझा पाइप कसा मस्त चाललाय. ती गुडघ्याला तेल चोळत "हो" म्हणायची.