पाटी बाभळीपाशी होती

प्रिय क्यालो,

माझं अक्षर पाहून तू पाकीट आधी उलटंसुलटं करशील, मग खिशात घालशील आणि बंदरातली पाळी संपेपर्यंत त्याला हात लावणार नाहीस. लहानपणी आईची हाकसुद्धा तू अशीच खिशात घालून हिंडायचास. पण हे पत्र मिळेल तिथेच उघड. टपालावर भरवसा न ठेवता मोम्बासाला जाणाऱ्या मुतिसोच्या बसमधून हातोहात पाठवलंय.

इकडे पाऊस लागलाय. थ्वाके दोन्ही काठ धरून वाहते आहे, त्यामुळे वाळू उपसणारे घरी बसलेत आणि बायकांच्या डोक्याला ताप झालाय. पाण्याखाली जाणाऱ्या त्या फरशीवर पूल बांधू असं दर निवडणुकीत कुणी ना कुणी सांगतं, आपण टाळ्या वाजवतो, आणि नदी आहे तशीच आहे. किमेऊ मामा ठीक आहे. डोळे गेले, जीभ शाबूत आहे. शाळेतून मी आठवडाभराची रजा घेतली आहे. अंगणात माणसांची ये-जा फार, म्हणून स्वयंपाकघरात मक्याच्या पोत्यावर बसून लिहिते आहे. चर्चमधली मोठी पातेली आणून ठेवलीत, ती अंगाला लागतात. परवा कुलतार सिंग नैरोबीहून येऊन गेला. बराच वेळ बसला, पण ताटातल्या मुथोकोईला हात लावला नाही. एरवी दोनदा मागून घेणारा माणूस तो.

तू आणि मुसेंबी, एक माझा भाऊ आणि एक माझा नवरा, त्या शर्यतीनंतर एकमेकांशी बोलला नाहीत. ती शर्यत मला आतापर्यंत न्हाव्याने सांगितली, पाद्रीबाबांनी प्रवचनात सांगितली, शाळेतल्या पोरांनी निबंधात लिहून दाखवली. मीच ती कधी कुणाला सांगितली नाही. आज तुला सांगते. तू तिथे होतास हे खरं, पण गाडीच्या आत होतास. मी बाहेर होते.

ईस्टरची उकांबानी शर्यत म्हणजे आपल्याकडे दुसरी जत्राच. त्या वर्षी शेवटचा टप्पा आपल्या गावाच्या उतारावर, माचाकोसहून येताना फरशीच्या अलीकडे संपणार होता. काठावरच्या मोठ्या बाभळीपाशी नोंदीची पाटी रोवली होती. ती ओलांडली तरच टप्पा पुरा. कुणीच पोचलं नाही तर टप्पा रद्द आणि सकाळचा क्रम कायम. हा नियम मला तेव्हा ठाऊक नव्हता. नंतर इतक्यांदा ऐकला की पाढ्यासारखा म्हणून दाखवीन. सकाळी कुलतार सिंग पुढे होता आणि त्याच्या मागे तुमची डॅट्सन. उजवीकडे मुसेंबी चाक धरून, डावीकडे तू वळणं वाचत. मुसेंबी म्हणायचा, "मी रस्ता बघतच नाही. क्यालो बोलतो, मी ऐकतो."

डोंगरात पाऊस झाला होता. आपल्याकडे नदीचा आवाज आधी येतो, पाणी मागून. आवाज ऐकताच पाटीपाशी छत्री धरून उभा असलेला नोंदवाला साहेब चढ चढून आपल्या मोटारीत जाऊन बसला आणि काचा लावून घेतल्या. आम्हीही पळालो. किमेऊ मामा मात्र मागे फिरला. मी ओरडले, "मामा, वेडा झालास का?" तर म्हणाला, "अगं, सरकारी पाटी आहे. वाहून गेली तर उद्या पोलीस कुणाच्या दारात येतील? बाभळीच्या?" ती सरकारी नव्हती, शर्यतवाल्यांची होती. पण मामाचा जन्म रेल्वेच्या रुळांवर गेलेला. लोखंडी खांबावर रंग दिसला की ते सरकारी. त्याने पाटी उपटली, खांद्यावर टाकून चढावर आणली, वारुळापाशी खड्डा केला, दगड ठोकून रोवली आणि एक डोळा मिटून ती सरळ आहे ना ते पाहिलं. तेवढा वेळ त्याची टोपी माझ्या हातात होती. आम्हा दोघांनाही वाटलं, पुण्याचं काम केलं.

मग तुम्ही आलात. वरच्या वळणावर कुलतार सिंगची गाडी चरात गेली होती. तिच्या अंगावरून चिखल उडवत तुम्ही आडवेतिडवे घसरत खाली आलात, वारूळ ओलांडलंत आणि वारूळ आणि बाभूळ यांच्या मध्ये दारापर्यंत रुतलात. त्याच दमात नदी आली. साहेबाने काच खाली केली, गाडी पाटीच्या पुढे पाहिली आणि तुम्ही पोचल्याची नोंद केली. बायकांनी आरोळ्या उठवल्या. बाप्यांनी मुसेंबीला खिडकीतून ओढून खांद्यावर घेतला. तू उतरला नाहीस. डाव्या सीटवर बसून बाभळीकडे बघत राहिलास. तिच्या बुंध्याला तेव्हा पाणी लागलं होतं. तुझा चेहरा मी पाहिला. पण मी दुसराही एक चेहरा पाहिला, तो तुझ्या पाठीमागे होता. लोकांच्या खांद्यावर बसलेला मुसेंबीही बाभळीकडेच बघत होता.

संध्याकाळी माचाकोसच्या हॉटेलात पंच बसले. कुलतार सिंगने तक्रार केली होती. "सकाळी मी खाली पाटी पाहिली, दुपारी ती वर. पाटीला पाय फुटले काय?" साहेब म्हणाला, "पाटी होती तिथेच होती." पाटी सोडून मोटारीत जाऊन बसलो होतो हे कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं. आणि मग तू उभा राहिलास. "पाटी बाभळीपाशी होती. आम्ही तिथवर पोचलो नाही." एवढंच बोललास. टप्पा रद्द झाला, करंडक कुलतार सिंगला गेला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तुझा फोटो आला, उकांबानीचा प्रामाणिक माणूस म्हणून. मला अभिमान वाटला. तो खोटा नव्हता. पण बाजारात लोक म्हणायला लागले, "गाडीत दोघं, डोळे चार, आणि खरं दिसलं ते मेव्हण्यालाच."

तू उभा राहिलास तेव्हा मुसेंबी कुठे होता, हे तुला कुणी सांगितलं नाही. तो मागच्या अंगणात नळाखाली होता. माचाकोसला येताना लॉरीत तो माझ्या कानाशी म्हणाला होता, "मुंबुआ, पाटी हलली आहे. आपण जिंकलो नाही. पंचांना सांगायला हवं." मी म्हटलं, मग गेल्या गेल्या सांग. तर म्हणाला, "अशा अवतारात? वडीलधाऱ्यांपुढे चिखलाच्या अंगाने उभं राहिलं तर वाटेल, कीव मागायला आलाय. क्यालोला सांगायला नको, तो ओळखतोच माझं मन. तू तेवढा पांढरा शर्ट काढ." आपल्या माणसांची रीत तुला मी काय सांगायची. दोष कबूल करायला जाताना माणूस आंघोळ करून, धुतले कपडे घालून जातो. तो बटणं लावत होता, तेवढ्यात आत तुझं बोलून झालं. तो दारात आला तो ओल्या केसांनी, शुभ्र शर्टात. सगळ्यांना वाटलं, नवरदेव करंडक घ्यायला सजून आला. तुलाही तेच वाटलं. तू त्याच्याजवळून जाताना म्हणालास, "शर्ट छान आहे, दाजी."

घरी आल्यावर मी भांडले. म्हटलं, जा, सांग सगळ्यांना. तो म्हणाला, "आता सांगितलं तर तेही या शर्टासारखंच दिसेल." आणि मलाही बोलायची बंदी घातली. तू खरं बोललास याचा त्याला कधी राग नव्हता, क्यालो. आधी त्याच्याकडे वळून एकदा पाहिलं असतंस, एवढंच त्याचं म्हणणं. वळणं सांगायला तू होतास, आणि या एका वळणावर तू त्याला काहीच सांगितलं नाहीस.

पुढचं तुला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असेल. तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही. प्रवाशांचा मटाटू चालवला, आणि त्याच्या पुढच्या डाव्या सीटवर कायम आंब्यांचं पोतं. आंब्याचा हंगाम नसला की रिकामं पोतं. मी एकदा तिथे बसायला गेले तर म्हणाला, "मागे बस, वारा लागेल." बायको मागे कोंबड्यांत आणि पोतं पुढे. लोक हसायचे. मग कुलतार सिंगने त्याला आपल्या गॅरेजात घेतलं. दोघं जण एकमेकांना शिव्या देत सुखाने काम करायचे. पाटीचं त्याला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. नाताळाला तू पाठवलेले मासे मुसेंबी चवीने खायचा आणि बोटं चाटत म्हणायचा, "भाऊ तुझा कसाही असो, मासा चांगला ओळखतो." मला तुझा राग होता. कितीतरी वर्षं होता. मग तो जुना झाला आणि तुझी आठवण यायला लागली. तेव्हा लिहायला हवं होतं, पण मी शब्द दिला होता. आता त्या शब्दाचा जाब मागणारं कुणी राहिलं नाही.

सोमवारी गॅरेजात तो एका गाडीखाली उताणा शिरला आणि बाहेर आला नाही. कुलतार सिंगनेच त्याला पायांना धरून ओढून काढला. डॉक्टर म्हणाले, हृदय. आता तो माचाकोसच्या शवागारात आहे. घालायला मी पांढरा शर्ट पाठवलाय. तो जुना नाही, त्याची कधीच फडकी झाली. शनिवारी त्याला घरी आणायचं आहे. कुलतार सिंग आपली पिकअप देतो आहे. स्वतःच चालवणार होता, पण त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून नातवाला बसवतोय. पोरगा चांगला आहे, पण त्याने डांबराखेरीज दुसरा रस्ता पाहिलेला नाही, आणि घर थ्वाकेच्या पलीकडे आहे. काल मामा म्हणाला, "त्या पोराच्या शेजारी कोण बसणार?" ती सीट मी कुणाला देऊ दिलेली नाही, पोतंसुद्धा ठेवू दिलेलं नाही. तू शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माचाकोसला ये. आंघोळ करून ये. तिथे बस आणि पोराला वळणं सांग, मागे मुसेंबी असेल, तोही ऐकेल. उतार संपताना वारुळापाशी सगळे जण थांबा म्हणतील, नदी बघू म्हणतील. थांबायचं नाही. बाभूळ अजून आहे. गाडी तिच्यापाशी ने आणि मग थांबव. तेवढं अंतर तुमचं राहिलं होतं. पाणी उतरलं की आपण नदी ओलांडू.

तुझीच,
मुंबुआताई