काटलेली ओळ

३ नोव्हें.
वडनेरला ताईकडे. छातीतली धडधड कमी आहे, ठोके मात्र अजून बेताल. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी दिली. जुन्या गोळ्याही डब्यात आहेतच. ताई म्हणाली, "तूच पाह्य रे एकदा. तुले इंग्रजी येते." तिच्या सुनेसाठी, सुनीतासाठी, मराठीत स्वच्छ तक्ता केला. जुनी अॅस्पिरिन रक्त पातळ करायला, नवी गोळीही त्यासाठीच. तीस वर्षं बातम्या तपासल्या. एकाच अर्थाच्या दोन ओळी दिसल्या की हात आपोआप चालतो. नवी काटली. दिवसातून दोनदा घ्यायची कटकट नको म्हणून.
सुनीता: "मामाजी, डॉक्टरले इचारून पाहू का?"
"कशाला? मी आहे ना."
जेवायला कळण्याची भाकरी, भरीत.

१९ नोव्हें.
सकाळी ताईला अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली, वाचाही. अकोल्याला आणलं, भाचा प्रकाश, सुनीताचा नवरा, सोबत. इथले डॉक्टर म्हणाले, ठोके बेताल असले की हृदयात गुठळी होते, तीच मेंदूत गेली. नवी गोळी ते टाळण्यासाठी होती. बंद करायची होती ती जुनी.
"नवी कुणी थांबवली?"
मी खिडकीशी उभा होतो.

२० नोव्हें.
दवाखान्याच्या आवारात, सुनीताच्या दोन्ही भावांसमोर प्रकाश तिच्यावर ओरडला. "गोळ्या तुह्या हातात होत्या ना? काय करून राह्यली होती तू?"
"तक्त्यात होत्या तेवढ्या देल्या."
एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी चहा आणायला निघून गेलो. पेपरात चूक झाली की दुसऱ्या दिवशी चौकटीत खुलासा छापायचो. इथे मात्र…

२७ नोव्हें.
ताई घरी आली. नवी गोळी सुरू. डावा हात हलवते. सुनीताच भरवते, पुसते, कूस बदलते. प्रकाश तिच्याशी बोलत नाही. भिंतीवरचा तक्ता काढलेला. कुठे आहे, विचारवलं नाही.

२ डिसें.
ओसरीवर प्रकाशला सांगून टाकलं. आधी त्याला उमगेचना. मग, "मामा, तुम्ही?" नंतर आवाज खाली आणून, "जाऊ द्या. चार लोकांत नका सांगू. तुमचं नाव हाय गावात."
आतून सुनीता: "काऊन नाही सांगाचं? मले तं चार लोकांतच बोलले ना?"
प्रकाश उठून गोठ्याकडे गेला. मी बसून राहिलो. ती बाहेर आली नाही.

६ डिसें., शनिवार
उद्या ताईला पाहायला सगळे नातेवाईक येणार, सुनीताचे भाऊही. काय बोलायचं ते चारदा लिहून काढलं. 'गैरसमजातून' हा शब्द दरवेळी येतो, दरवेळी खोडतो. संध्याकाळी सुनीताला फोन केला, उद्या सगळ्यांसमोर बोलतो म्हणालो. ती म्हणाली, "हाव. या." मग सासूबद्दल, "आत्याबाईंची खाट समोरच्या खोलीत घातली मामाजी. मानसं तिथंच बसतीन."
ताईला बोलता येत नाही. ऐकू सगळं येतं.