खिडकीकडचं कडवं

प्रिय आक्का,

आत्ताच तुमच्या कबरीवर मेणबत्ती लावून आले आणि हातपाय धुऊन कागद घेऊन बसले. आज मृतांच्या स्मरणाचा दिवस. सकाळी मिस्सेची प्रार्थना झाली, फादरनी कबरीवर पवित्र पाणी शिंपडलं, सिस्टर रेजिनांनी झेंडूची फुलं वाहिली. वाऱ्यानं तुमची मेणबत्ती सारखी विझत होती. शेवटी मी पदराचा आडोसा धरून उभी राहिले. मनात म्हटलं, मेल्यावरसुद्धा या बाईला सगळ्यांना उभं करायची हौस!

पण पत्राचं कारण वेगळं आहे. आज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मला मोठ्या मदरना फोन करायचाय. कायमची व्रतं घेणार, की सगळं सोडून मुदखेडला घरी जाणार, ते सांगायचंय. आता मला सांगा, तुम्हाला न विचारता मी कधी काही ठरवलंय का? साधी चप्पल घ्यायची तरी रेणापूरच्या बाजारात तुम्हाला ओढून न्यायची. मग हे उत्तर आधी मदरना कसं देऊ? म्हटलं, आधी तुम्हाला.

तुम्ही गेलात तेव्हा सोयाबीन नुकतं वर आलं होतं. आता ते काढून, मळून लातूरच्या बाजारातही गेलं. दवाखान्यात नवीन सिस्टर अजून आलेली नाही. बाया येतात, कुलूप बघतात, पायरीवर जरा टेकतात आणि जातात. कसली औषधं मागत नाहीत. नुसत्या टेकतात.

तुम्हाला आठवतं, मी पहिल्यांदा या घरात आले तो दिवस? गावाबाहेर एवढंसं कॉन्व्हेंट, आजूबाजूला नुसती रानं, आणि आत तुम्ही तिघी. स्वयंपाकघरात सिस्टर रेजिना, सगळ्यांना धाकात ठेवायला सुपिरियर सिस्टर लूसी, आणि दवाखान्यात नर्स म्हणून तुम्ही. खरं नाव सिस्टर फिलोमिना. पण तुम्ही उदगीरकडच्या, कानडी बोलणाऱ्या, म्हणून गावानं तुम्हाला आक्काच करून टाकलं होतं. मी घाबरून अखंड बडबडत होते. तुम्ही बशीतला चहा फुर्रकन ओढलात आणि विचारलंत, "कुठली गं तू?" म्हटलं, मुदखेडची. "तरीच! जंक्शन हाय तुमच्या गावाला. सगळ्या गाड्या तुझ्याच तोंडातनं जातेत वाटतं." त्या दिवसापासून मी सिस्टर अनिता राहिलेच नाही. "ए मुदखेड" अशी हाक आली की अख्ख्या गावाला कळायचं, मला बोलावलंय.

तुमचं प्रेम म्हणजे तरी काय! गोड बोलणं तुम्हाला जमलंच नाही. पोरं सुईला रडायची तर तुम्ही म्हणायचा, "आधी मनभरून रड, मग सुई देते. मला घाई न्हाई." आणि पोरगं रडायचं विसरून तुमच्या तोंडाकडं बघत बसायचं. मी कधी मुसमुसले की, "साकु गं, साकु!" तुमच्या कानडीतलं ते 'पुरे' ऐकलं की मला आणखीच रडू यायचं. ते तुम्हाला कळायचं तरी का?

माझी आई गेली तेव्हाचं सांगू? मी पहिली व्रतं घेऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. फोन आला आणि मी तशीच भिंतीला टेकून बसले. तुम्ही पिशवी भरून दारात हजर. "मी येते हिच्यासंगं." सिस्टर लूसी म्हणाल्या, दवाखान्याचं काय? तर तुमचं उत्तर, "दवाखान्याला कुलूप लावता येतंय. हिला कुठं लावता येतंय?"

मुदखेडच्या आमच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तुम्ही कुणाशी ओळखपाळख न करता सरळ मोरीत भांडी घासायला बसलात. माझी आत्या तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बघ की, सिस्टरबाई भांडी घासून राहिल्या!" बाबांना तुम्ही बळंच दोन घास खायला लावलेत. देवाची इच्छा, देवाची मर्जी, हे जो येईल तो मला ऐकवत होता. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. माझ्या शेजारी भुईवर झोपलात आणि माझा हात हातात ठेवलात, बस्स. आक्का, त्या हाताचे उपकार मी कुठं फेडू?

परत आलो आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला माझा आवाजच निघेना. आपली पद्धत ठरलेली. स्तोत्राचं एक कडवं खिडकीकडच्या बाजूनं म्हणायचं, पुढचं भिंतीकडच्या बाजूनं. खिडकीकडं तुम्ही आणि मी, समोर भिंतीकडं रेजिना आणि लूसी. माझे ओठ काही केल्या उघडेनात. ज्या देवानं आईला नेलं त्याची स्तुती कुठल्या तोंडानं करू, असं झालं होतं. तुम्ही पुस्तकावरची नजर न हलवता पुटपुटलात, "गप बस. तुझ्या वाटचं मी म्हणते. माझ्या वेळंला तू म्हण." आणि म्हणत राहिलात, मला परत बोलावंसं वाटेपर्यंत.

आता तुमचं म्हणणं तरी सरळ होतं का? कडव्याचा शेवटचा शब्द तुमचा कायम मागं राहायचा. मी केव्हाच संपवून बसलेली, आणि तुमचा शब्द येतोय आपला सावकाश, मालगाडीच्या शेवटच्या डब्यासारखा. तो आल्याशिवाय समोरच्या दोघी तोंड उघडायच्या नाहीत. सिस्टर लूसी वैतागून म्हणायच्या, "आक्का, जरा आवरतं घ्या." तुम्ही म्हणायचा, "का हो? देव कुठं पळून चाललाय?"

आणि आम्ही सगळ्या त्याला तुमची खोड समजत होतो! लातूरच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, हृदय कधीचंच थकलं होतं, दम पुरत नव्हता. अख्ख्या गावाचं बीपी बघायचा, तो पट्टा कधी स्वतःच्या दंडाला लावलात का? जिना चढताना मध्येच थांबून "बघ की कसला मोर आलाय" म्हणायचा. मोर कुठला! तुम्हाला श्वास घ्यायचा असायचा. नर्स ना तुम्ही? आणि आम्ही कोण होतो तुमच्या? मला याचा अजून राग येतो, सांगून ठेवते.

तुम्हाला माती दिली त्या दिवशी अख्खं गाव कंपाउंडात होतं. शेजारच्या शिवगंगाबाई कबरीच्या कडेला बसून म्हणाल्या, "आमच्या लिंगायतातबी मातीच देतेत. काय येगळं न्हाई." आणि तिथनं उठून त्या थेट आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. सिस्टर रेजिना चहाला आधण ठेवत होत्या. बाईंनी गॅसच बंद केला. "चूल पेटवायची न्हाई. घरचं माणूस गेलंय तुमचं." रेजिना म्हणाल्या, आमच्यात तसं काही नसतं हो. तर त्या म्हणतात, "तुमच्यात नसंल. आमच्या गावात हाय." मग टोपलीभर भाकरी, पिठलं, ठेचा. रोज एकेका घरातनं. आम्ही आईबाप सोडून आलेल्या बाया, आक्का. आमच्या घरी माणूस गेलंय हे आम्हालाच त्यांनी सांगितलं.

त्याच संध्याकाळी आम्ही चॅपेलमध्ये बसलो. खिडकीकडं मी एकटी. माझं कडवं मी कसंबसं म्हटलं. संपलं. समोरच्या दोघी गप्प. मी त्यांच्याकडं बघतेय, त्या माझ्याकडं बघताहेत, पुढचं कुणी म्हणेना. मला वाटलं, पान चुकलं की काय. आणि मग लक्षात आलं. अहो, त्या तुमच्या शेवटच्या शब्दाची वाट बघत होत्या! सवयीनं! सिस्टर रेजिनांना हसू फुटलं. देवाच्या घरात तोंडावर हात दाबून हसल्या, आणि हसता हसता हुंदकेच द्यायला लागल्या. सिस्टर लूसी पुस्तक तोंडासमोर धरून बसून राहिल्या. स्तोत्र तसंच अर्धं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून जंक्शन बंद पडलं. शाळेत शिकवताना बोलायची, फोनवर बोलायची, पण चॅपेलमध्ये आवाज नाही. माझ्या वेळंला तू म्हण, म्हणाला होतात ना? तुमचं कुठलं, मला माझंच म्हणता येईना. समोरच्या दोघी थोडं थांबायच्या आणि माझं कडवंसुद्धा हळूच म्हणून टाकायच्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत मला. पण मी रोज त्या रिकाम्या जागेशेजारी बसून विचार करायची, जिला प्रार्थना म्हणता येत नाही तिनं जन्मभराचं वचन कशाला द्यावं? बाबांच्या कानावर गेलंच. त्यांचा फोन आला, "बाई, जीव रमत न्हाई तर घरी ये. दार उघडं हाय. लोकांची फिकीर करू नको." मदरनाही मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नीट विचार कर, स्मरणदिनाला फोन कर.

मग एका संध्याकाळी काय झालं! प्रार्थना सुरू व्हायच्या आधी सिस्टर रेजिना उठल्या. त्यांचे गुडघे तर तुम्हाला माहीतच आहेत. बाकाला धरत धरत चॅपेल ओलांडून इकडं आल्या आणि तुमच्या जागी बसल्या. सिस्टर लूसी म्हणाल्या, "सिस्टर, मग इकडं मी एकटी?" रेजिनांनी पुस्तक उघडत सांगितलं, "आज तुम्ही एकट्या. उद्या मी एकटी. हिनंच रोज एकटीनं का बसायचं?"

तेव्हापासून दोघी आळीपाळीनं येतात. मी तरीही गप्पच होते. पण शेजारी कुणाचा तरी खांदा असायचा आणि माझं कडवं माझ्या कानाशी म्हटलं जायचं. मला ते पुरत होतं.

आणि काल. काल भिंतीकडं सिस्टर लूसी एकट्या होत्या. स्मरणदिनाची पूर्वतयारी म्हणून त्यांनी आपल्या संघातल्या गेलेल्या सिस्टरांची नावं वाचली. शेवटचं नाव तुमचं. ते त्यांनी ठणठणीत वाचलं, आपल्या लूसीच त्या! मग स्तोत्र सुरू झालं. रेजिनांनी आमचं कडवं म्हटलं. भिंतीकडनं काहीच नाही. बघते तर सिस्टर लूसींचे ओठ मिटलेले आणि गाल ओले. कधी डोळ्यांतून टिपूस न काढणारी बाई, आक्का! एकटी, समोर बसलेली.

मला काही कळलं नाही. माझंच तोंड उघडलं. भिंतीकडचं कडवं मी खिडकीकडनं म्हटलं. आवाज घोगरा, चाल चुकलेली, पण म्हटलं. रेजिना वळून बघतच राहिल्या. आणि शेवटचा शब्द कसा कोण जाणे मागं राहिला, सावकाश आला. तो येईपर्यंत कुणी घाई केली नाही.

प्रार्थना संपल्यावर सिस्टर लूसी माझ्यापाशी आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "चाल चुकली तुझी." मी म्हटलं, "आक्कांचीच शिष्या!" किती दिवसांनी आम्ही तिघी एकदम हसलो.

माझं देवाशी भांडण मिटलंय असं मी म्हणणार नाही. तुम्हाला इतक्या लवकर न्यायला नको होतं, हे मी त्याला रोज सांगणार आहे. पण भांडायलासुद्धा मी याच घरात बसणार, यांच्याच शेजारी. मी घरी जाणार नाही, आक्का. घरीच आहे मी. बाबांनाही हेच सांगेन. ते रडतील, पण त्यांना कळेल. त्यांनी तुम्हाला भांडी घासताना बघितलंय.

तर हे माझं उत्तर, सगळ्यांत आधी तुम्हाला. व्रतांच्या दिवशी नाव पुकारतील तेव्हा शेवटच्या बाकावरच्या शिवगंगाबाईंना ऐकू जाईल अशी ओ देईन.

आणि तुम्हाला एक वचन. या घरात कुणाचाही आवाज बसला की तिच्या वाटचं मी म्हणेन. आणि रोज, माझं म्हणून झालं की, तुमच्या वाटचं. शेवटचा शब्द सावकाश.

घंटा झाली. आज सिस्टर लूसींची पाळी, त्या खिडकीकडं येऊन बसल्यासुद्धा. जाते.

तुमचीच,
मुदखेड