हिरव्या बी हायत, लाल बी हायत

आम्मा, आज मी दुकानातून जिरं न घेताच परत आले. दौंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं दुकान आहे, तिथं पाटी लावलीय, तोंड बांधल्याशिवाय आत येऊ नये म्हणून. कसली तरी साथ आलीय, जगभर म्हणे. त्या पाटीवरून रोज तिथं वादावादी. परवा एक गडी उघड्या तोंडानं आत शिरला आणि दुकानदारावरच उखडला, "मी काय मळणीचा बैल हाय का, मुसकं बांधायला?" मला हसू फुटलं. मळणी आता यंत्रावर होते, बैलाच्या तोंडाला जाळी बांधलेली त्या पोरानं जन्मात पाहिली नसेल, पण शब्द बघ कसा तोंडात बसलाय. हेच वाक्य मी शिरूरच्या पेठेत ऐकलं होतं, माझं लग्न ठरत होतं तेव्हा. तर जिऱ्याचं असं झालं, की दुकानदारानं पुडी बांधता बांधता मला काहीतरी विचारलं, मी हो म्हणाले, आणि त्यानं पुडी सोडून जिरं परत बरणीत ओतलं. मी पिशवी उचलून घरी आले. सुनेला सांगितलं, जिरं संपलं होतं दुकानातलं. आणि आता ती ओट्याशी असताना मी इथं खिडकीत बसून तुला लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. पण बोलून तरी तुला कुठं ऐकू येत होतं.

तुला ऐकू येत नव्हतं. लिहून टाकलं एकदाचं. इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट कागदावर दिसली तशी मी वळून बघितलं, सून ओट्याशीच आहे ना. अब्बा गेल्यावर बांगड्यांचं दुकान तूच चालवायचीस. केवढीशी ती जागा, भिंतीला दांड्यांवर ओवलेल्या बांगड्या, खाली सतरंजी. बाया समोर बसायच्या, हात तुझ्या हातात द्यायच्या आणि बोलत सुटायच्या. सासूचं, सवतीचं, पोटातल्या दुखण्याचं. तू टक लावून त्यांच्या ओठांकडे बघायचीस. बाया म्हणायच्या, मणेरणीसारखं मन लावून कुणी ऐकत नाही. बांगडी भरतानासुद्धा तुझे डोळे हातावर नसायचेच. अंगठ्याखालचं हाड न बघता दाबायचं आणि नजर तिच्या तोंडावर. ओठ आवळले की थांबायचं, सैल पडले की सरकवायचं. बांगडी फुटू द्यायची नाही, आणि फुटलीच तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. लहानपणी मी एकदा गिऱ्हाइकासमोर "फुटली" म्हणाले, तर ते तू माझ्या ओठांवर वाचलंस आणि मांडीला असा चिमटा काढलास की डाग बरेच दिवस निळा होता. तेव्हापासून आजतागायत माझ्या तोंडून काचेबद्दल तो शब्द निघालेला नाही.

हे सगळं लपवायचं कारण मी होते. तुझे भाऊ, माझे मामू, बहिरे होते आणि ते अख्ख्या शिरूरला ठाऊक होतं, पोरं त्यांच्या मागून पत्र्याचे डबे वाजवत जायची. माझं पहिलं स्थळ त्यावरूनच फिरलं. मुलाची आई म्हणाली, मामाचं भाचीत उतरतं. मग दुसरं स्थळ आलं, दौंडचं, मुलगा रेल्वेत. त्या माणसांना मामूंचं कळलं तेव्हा तू शपथेवर सांगितलंस की ते लहानपणच्या तापानं झालंय, घरात बाकी कुणाला काही नाही. त्यांनी ते मानलं. आता त्या लोकांना मुलीची आईच बहिरी आहे असं समजलं असतं तर संपलंच होतं. रात्री चुलीपाशी बसून तू मला म्हणालीस, "तुझा निकाह होऊस्तवर माझे कान चांगले हायत. समजलं?" मी मान हलवली.

आणि नेमकी तेव्हाच फ्लूची साथ आली. दौंडच्या स्टेशनावरून आली म्हणायचे. वाईट ते गाडीनं येतं अशी आम्हा शिरूरकरांची पक्की समजूत, कारण आमच्या गावाला गाडी नाही. घराघरात माणसं तापानं निजलेली, शाळा ओस. कापडवाल्या शेठनं पुढाकार घेतला आणि पेठेतल्या दुकानदारांनी ठरवलं, की साथ आहे तोवर दुकानात येणाऱ्यानं आणि बसणाऱ्यानं तोंडाला फडकं बांधायचं. जो ऐकणार नाही त्याचं दुकान बंद. झालं, अर्धी पेठ एकीकडे, अर्धी एकीकडे. कुणी म्हणालं, शेठला कापड खपवायचंय. हॉटेलवाला म्हणाला, "तोंड बांधल्यावर च्या काय नाकानं पाजू?" कुणी बैलाचं मुसकं काढलं. आणि या सगळ्यात सगळ्यात आडमुठी कोण ठरली, तर तू. कारण तुझं कुणाला काही कळेचना. स्वतः तू पदर नाकावरून घट्ट खोचून बसायचीस, आणि समोर बाई बसली की तिला म्हणायचीस, तोंडावरचं काढ. बाया बिचकायच्या. "सोता बांधती आन् आमाला सोड म्हणती, ही कुठली रीत?" शेठ दोनदा समजवायला आला. वाईट माणूस नव्हता तो. सरळ मनानं म्हणाला, "भाभी, तुमच्यात तर तोंड झाकायची रीतच हाय. तुमाला काय जड जातंय?" तू पदर खोचून दुसरीकडे बघत राहिलीस. त्याचं फडकं तोंडावर होतं, त्यामुळं तो काय म्हणाला ते तुला तो गेल्यावर मीच सांगितलं.

मग शाळेच्या पटांगणात बैठक बसली. तुला बोलावणं आलं. मी म्हटलं, जाऊ नको, ताप आलाय म्हणून सांगते. तू म्हणालीस, तापाचं नाव काढलंस तर दौंडची माणसं पाऊल ठेवणार नाहीत. खरंच होतं ते, कारण नवऱ्यामुलाचे मामा शिरूरातच राहायचे आणि पुढच्याच रांगेत बसले होते. मला मागं पोरींमध्ये बसवलं, तुला पुढं उभं केलं. आणि मी बघतेय, पटांगणभर माणसं, एकाचंही तोंड उघडं नाही. उपरणी, टॉवेल, पदर. तू एकेकावरून नजर फिरवतेस, पुन्हा पहिल्यापासून फिरवतेस, आणि तुला कुठंच काही दिसत नाही. आम्मा, इतक्या माणसांत इतकी एकटी बाई मी परत कधी पाहिली नाही. मला ओरडून रडावंसं वाटत होतं.

शेठ उठला आणि म्हणाला, "भाभी, तुमच्या घरात कुणाला ताप हाय का?" सगळे तुझ्याकडे वळले, तेवढ्यावरून तुला कळलं की काहीतरी विचारलंय. कुणी काही विचारलं तर ते बांगड्यांचंच असणार, एवढा एकच आधार तुझ्यापाशी होता. तू खणखणीत आवाजात सांगितलंस, "हायत की. हिरव्या बी हायत, लाल बी हायत."

पटांगण हसलं. तोंडं दिसत नव्हती, खांदे हलत होते. बहिरेपणा कुणाच्या डोक्यातच आला नाही. त्यांना वाटलं, बाई भर बैठकीत शेठची टिंगल करतेय. तू ते हलणारे खांदे बघितलेस आणि तुझ्या लक्षात आलं की चुकलं. मी तुझा चेहरा बघत होते. एक क्षण तो पार उतरला. तेव्हा तुला खरं सांगून सुटता आलं असतं, लोक हळहळले असते, कुणी उठून तुला बसायला जागा दिली असती. तू पुढच्या रांगेतल्या मामांकडे बघितलंस. आणि कमरेवर हात ठेवून गरजलीस, "हसताय काय? तोंड बघितल्याबिगर मी कुणाला काकणं भरत न्हाई. काय करायचं ते करा." शेठ चिडला, तो का चिडणार नाही? म्हणाला, "मग दुकान वाढवा." मी तोवर पोरींमधून वाट काढत तुझ्यापाशी पोचले होते. तुझा हात घेतला आणि तुझी बोटं एकेक करून मिटवली, दुकानाच्या फळ्या लावतात तशी. तू मुठीकडे बघितलंस. म्हणालीस, "वाढवते."

घरी जाताना ते मामा शेजारच्या माणसाला म्हणाले, मी मागंच होते, "बाई जिभेची तिखट हाय, पण पोरगी गरीब दिसती." स्थळ टिकलं. तिखट आई चालते लोकांना.

दुकानाच्या फळ्या लागल्या. दिवसभर आपण दोघी घरात, तू बांगड्यांचे जुडगे सोडायचीस आणि पुन्हा बांधायचीस. गल्लीतून जाणाऱ्या बाया मान वळवून जायच्या. एकदा दुपारी परसात इनामगावची ती धनगरीण उभी. तिच्या माणसांनी मेंढरं सोडून शेती धरली होती, दर बाजाराला ती तुझ्याकडे यायची. ती लांब चिंचेपाशी थांबली, पदर तोंडावरून खाली घेतला आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "मणेरणी, हिकडं बघ. मला ठावं हाय. लई आधीपास्नं ठावं हाय. कुणाला बोलले न्हाई, बोलायची बी न्हाई." मला वाटलं, आता तू रडशील. तू तोंडावर पदर घेतलास आणि उलट तिलाच म्हणालीस, "काय ठावं हाय? मला काय झालंय?" ती हसली. म्हणाली, "काय न्हाई झालं. काकणं भर." आणि त्या चिंचेखाली, ती मान वळवून श्वास घेत होती आणि ओठ दाखवायला तेवढी तोंड फिरवत होती, तू तिचे दोन्ही हात भरलेस. हिरव्या. तिनं मागितल्या होत्या की तूच निवडल्यास ते आता आठवत नाही.

साथ ओसरली, फळ्या पुन्हा निघाल्या, पण दुकान काही पहिल्यासारखं बसलं नाही. उद्धट मणेरीण हे नाव तुला चिकटलं ते चिकटलंच. मोठ्या घरांतले लग्नाचे चुडे दुसरीकडे गेले. शेठ चुकला होता असं मला आजही म्हणवत नाही, त्याच तापात त्याची म्हातारी आई गेली. तू त्याच्या दाराशी जाऊन उभी राहिलीस तेव्हा त्यानं तुला आत या म्हटलं नाही. बरोबर होता तो, बरोबर होतीस तूही, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. निकाह होऊन मी दौंडला आले. एस.टी.नं यायचे तुला भेटायला, तर तू दुकानात एकटी बसलेली, वाटेवरच्या माणसांची तोंडं बघत. कोण काय बोलत चाललंय ते मग मला सांगायचीस आणि आपण दोघी हसायचो. तुझ्याकडे बोलायला येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तू गेलीस तेव्हा मी उशिरा पोचले. शेवटचा चेहरा दाखवायला त्यांनी कफन बाजूला केलं. मी सवयीनं तुझ्या बरोबर समोर वाकले आणि ओठ नीट हलवत बोलले, तुला कळावं म्हणून. तुझे डोळे मिटलेले. तुझ्याशी बोलायची ती एकच वाट होती. बाया मला धरून मागं घेऊन गेल्या.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, फाडूनच टाकीन. पण फाडायच्या आधी तुला एक सांगते. मामाचं भाचीत उतरतं म्हणणारी ती बाई खोटी नव्हती, आम्मा. माझेही कान गेलेत. हळूहळू गेले, घरात कुणाला पत्ता नाही. मुलगा समोर बसून बोलतो, सून समोर येऊन बोलते, मी त्यांच्या तोंडाकडे बघते आणि ते म्हणतात, आई किती मन लावून ऐकते. सांगितलं असतं मी. पण नातीला बघायला माणसं येताहेत, पुण्याची आहेत, चांगलं घर आहे. तेवढं होऊस्तवर माझे कान चांगले आहेत.

दुकानदारानं काय विचारलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्या तोंडावर निळं फडकं होतं. उद्या जिऱ्याला परत जावं लागेल. माझ्या हाताची बोटं मिटवून सांगायला सोबत कुणी नाही.