भुकटीचा आकडा

रविवार, ४ तारीख

पहिली आली ती ठकी! लेकीच्या कडेवर बसून आली, पण दारात पाऊल पडायच्या आधी तिचा आवाज घरात. मागून जावई, दोन्ही हातांत पिशव्या. आठ दिवस राहायला म्हणून आले. नातीला खालचे दोन दात आलेत — मी बोट घातलं तर कचकन चावली. गुणाची ती!

ह्यांनी तिला लगेच स्टूल दाखवलं. नोकरी संपल्यापासून हे मागच्या खोलीत सुतारकाम करतात. हे अकरावं स्टूल. अकराही डुगडुगतात. मी एकेका पायाखाली कागदाची घडी घालून ठेवते. हे म्हणतात, "जमीन वाकडी आहे." सगळ्या घराची!

आता ठकीसाठी पांगुळगाडा चाललाय. ती पाऊल टाकायच्या आत पुरा करायचा म्हणतात.

मी तिला न्हाऊ घातलं. आतल्या खोलीत नेऊन माझा गुलाबी डबा काढला, पफ बुडवून छान पावडर लावली. मान, पोट, पाय. हसली की पुन्हा. ढगात बसवल्यासारखी दिसत होती पोर!

थोड्या वेळाने खोकायला लागली. थांबेना. लेक मागच्या खोलीत डोकावली, तर फळ्यांवर, खिडकीवर, सगळीकडे भुशाची साय. "बाबा, हे तिच्या छातीत जातंय!" जावयांनी खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं. हवेतली बारीक धूळ मोजतं म्हणे. असलं कोण खिशात घेऊन हिंडतं? मागच्या खोलीत आकडा आला २१२, लाल दिवा. "पन्नासच्या खाली आला की येऊ राहायला, आई," म्हणाले. यंत्र ठेवून गेले. चहा अर्धाच. आठ दिवसांच्या पिशव्या चार तासांत परत!

सोमवार, ५

हे धड जेवले नाहीत. पांगुळगाड्यावर चादर टाकलीय. मी मात्र शेजारी-पाजारी सगळ्यांना सांगून आले — ह्यांच्या लाकडांनी माझी नात घालवली म्हणून. वाण्यालाही सांगितलं. साबण आणायला गेले होते, साबण विसरले.

गुरुवार, ८

धूळ ओढायचं यंत्र आलं! हत्तीसारखी सोंड, वर ही मोठी कापडी पिशवी. शेजारचे मास्तर मुद्दाम बघायला आले. शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे त्यांना सगळं येतं. बटण दाबलं, भुसा गडप! पिशवी टम्म फुगली, हेही फुगले. जमीन लख्ख.

मग आकडा बघितला. ३४०!!

"मापकच बिघडलंय," मास्तर म्हणाले. दोन शिकलेल्या माणसांनी ते हलवलं, आपटलं, फुंकर मारली. आकडा आणखी वर.

शनिवार, १०

आज सांगून टाकलं. माहेरी आमची पिठाची गिरणी. जात्याच्या तोंडाला कापडाची बाही बांधायची, तिच्यातून पीठ डब्यात. कापड विरळ निघालं की जाडंभरडं आत राहायचं आणि बारीक पीठ बाहेर उडायचं. आमच्या बाबांच्या पापण्या पांढऱ्या असायच्या. शाळेत मी दोनच वर्षं गेले, पण बाही बांधायला मीच. ह्यांची पिशवी तशीच आहे — भुसा धरते आणि भुकटी खोलीभर फुंकते. नुसतं झाडलेलं बरं होतं!

उन्हाची तिरीप पिशवीवर आली तेव्हा बटण दाबून दाखवलं. पिशवीच्या अंगातून धूर निघावा तसं!

"अगं, हे यंत्र आहे. गिरणी नव्हे."

"वहिनी, यामागे शास्त्र असतं," — मास्तर.

असेल. मागे शास्त्र, पुढे धूळ!

मंगळवार, १३

हे रात्रभर स्वतःच खोकले. सकाळी उठल्या उठल्या भिंतीला भोक पाडलं. यंत्र पिशवीसकट बाहेर पत्र्याखाली, आत फक्त सोंड. मी दाराच्या फटीला जुन्या चादरीची वळकटी लावली. झाडू बंद, ओलं फडकं चालू. घासकाम करताना ह्यांच्या तोंडावर मुखपट्टी — तेवढाच वेळ घरात शांतता.

"भिंतीचं माझ्या डोक्यात होतंच," म्हणाले.

असेल हो!

बुधवार, १४

३१!!! हिरवा दिवा! मास्तर म्हणाले, "बघा, शास्त्राने करून दाखवलं." त्यांना डुगडुगतं स्टूल दिलं बसायला. घडी काढून.

लेकीला फोन केला. चादर निघाली. हे शीळ घालत पांगुळगाडा घासतायत. किती दिवसांनी ऐकली!

गुरुवार, १५

हे आल्यागेल्याला भोक दाखवतात. आज दूधवाल्याला. बिचारा दूध घालायचं विसरून गेला.

शुक्रवार, १६

ठकी आतल्या खोलीत निजणार, म्हणून ते काडेपेटीएवढं यंत्र तिथे नेऊन ठेवलं. आकडा १८. म्हटलं छान. मग बाजारात जायचं म्हणून गुलाबी डबा उघडला, मानेवर पफ मारला. लाल दिवा. ५६०.

मागच्या खोलीत एवढा कधीच आला नव्हता. आणि ठकी खोकली त्या दिवशी आतल्या खोलीत मोजायचं कुणालाच सुचलं नाही.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. माझं मुसळ तर डब्यात होतं, गुलाबी.

डबा टाकून दिला. ह्यांना अजून सांगितलं नाही. जीभ उचलेना — माझी! अकरावं स्टूल तेवढं माझ्या पलंगाशी आणून ठेवलं. घडी न घालता. हे दारात उभे राहून बघत होते, केवढे खूश!

जावई म्हणालेत, रविवारी सकाळी नक्की येतो.