वाळ्याची ताटी

नागपूर, १२ मे १९७८

प्रिय जयवंता,

तुझं पत्र काल मिळालं. अकरा वर्षांनी वहिनी म्हणालीस. जे मागितलंस त्याचं उत्तर देते, पण आधी माझं ऐक.

तुझा भाऊ दौरा दौरा म्हणून सावनेरला जायचा आणि एकदा आपण दोघी एसटीनं त्याच्या मागे गेलो, आठवतं? असाच मे होता. गोपिकेच्या दाराला वाळ्याची ताटी बांधलेली आणि हा बनियनवर उभा राहून ताटीवर तांब्यानं पाणी मारत होता. आपल्या घरी कधी तांब्या उचलला नाही वं त्यानं. भर उन्हात मी ताटी भिजवायची आणि हा आत घोरायचा. त्या बाईपेक्षा मला तो तांब्याच जास्त लागला. परतताना माझा हात धरून तूच म्हणालीस, वहिनी, मले जे दिसलं ते मी कोर्टात सांगीन.

वकील म्हणाले, एकदा दिसला एवढ्यानं घटस्फोट होत नाही, तो तिच्यासोबत राहतो हे सिद्ध करा. शेजारी फिरले. उरलीस तू. आपण सावनेरला गेलो त्यानंतर वर्षभर सासूबाईंचे निरोप घेऊन तूच तिथे जात होतीस. आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून म्हणालीस, मले सावनेर कुठं आहे तेच मालूम नाही. काहून वं? घराची अब्रू, दुसरं काय! त्या अब्रूत मी धरलेलीच नव्हते.

दावा फेटाळला. एक भला माणूस माझ्यासाठी तीन वर्षं थांबला, मग त्यानंही लग्न केलं. मी शाळेत मुलींना शिवण शिकवत राहिले. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

आता लिहितेस, दादा गेला, तेरवीला या, बायको म्हणून तुम्हीच बसायला हव्या, गोपिकेला भाऊबंद ओसरीवर चढू देत नाहीत. मी येणार नाही. त्याच्या नावाचं कुंकू मी निकालाच्या दिवशीच कोर्टातल्या नळावर धुतलं. तेरवीला सगळं गणगोत जमेल. तेव्हा उभी राहा आणि सांग, हा माणूस बारा वर्षं गोपिकेसोबत नांदला, त्याचं दुखणंखुपणं तिनंच काढलं, मी डोळ्यांनी पाहिलं. मला दिली नाहीस ती साक्ष तिला दे.

तुझीच,
कोर्टानं ठरवलेली वहिनी,
इंदू