कुरडयांच्या कपाटाची चावी

धावडा, ता. भोकरदन
दि. २ जून २०२४

चि. अण्णासाहेबास,
अक्काचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. एवढी फौजेत नोकरी केली, मंग बँकेच्या दारात सतरा वर्षं बंदूक घेऊन उभा राह्यला, पण अक्षर अजून कोंबडीचे पायच! दोनदा चष्मा पुसला तेव्हा कुठं लागलं. तरी फोनपेक्षा हेच बरं. फोनवर मला ऐकू येत न्हाई, तू तिकडून ओरडतो, मी इकडून ओरडते, अन् आपली बातमी सगळ्या गल्लीला कळते.

माझी शालू काय करून राह्यली? तिच्याशिवाय घर कसं गप्प झालंय. सहा वर्षांची नात महिनाभर एवढ्या लांब मी पाठवलीच नसती. पण निवडणुकीमुळं तुझी बंदूक मार्चपासून ठाण्यात जमा आहे असं तू लिहिलं, म्हणून मी हो म्हणाले. राग आला तर येऊ दे. ज्या घरात बंदूक आहे तिथं माझं लेकरू राहणार न्हाई, हे आपला भाऊ भिवा गेला तेव्हापासून ठरलेलं आहे. तू तर तेव्हा पाळण्यात होता.

बंदुकीच्या रिकाम्या कपाटात सूनबाईनं कुरडयांचा डबा ठेवला हे वाचून लई हसले बघ. त्या कपाटाचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला म्हणायचा!

तुझ्या लेकाला भारतला, सूनबाईला अन् नात साक्षीला आशीर्वाद सांग. शाळा भरायच्या आत शालूला आणून सोड. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी
चांगुणाअक्का


कुंभार पिंपळगाव
दि. १२ जून २०२४

ती. अक्काच्या सेवेशी,
धाकट्या भावाचा सविनय जयभीम. वि. वि.

आधी हे वाच: शालू बिलकुल खुशाल आहे. आत्ता ओसरीत साक्षीसंग गजगे खेळून राह्यली. आता खाली बस अन् पुढचं वाच. शालूला घेऊन भारत येतोय, त्याच्याच हाती हे पत्र देतो. त्यानं तोंडानं सांगण्याआधी तुला माझ्या अक्षरात कळावं.

शनिवारी मी ठाण्यातून बंदूक परत आणली. घरी कुणालाच सांगितलं न्हाई. भारत शेतात होता, सूनबाई पाण्यावर गेल्ती. कपाटात कुरडयांचा डबा होता, तो खाली सरकवला अन् बंदूक जागेवर उभी केली. सगळं घर समजून होतं की बंदूक ठाण्यातच आहे. रविवारी सांजच्याला डुकरं पेरणीच्या रानात घुसली, हवेत बार काढावा म्हणून गेलो. डुकरं आधीच पळाली होती. परत आलो अन् काडतूस काढायचं राह्यलं. अक्का, नोकरीत असताना घरी आलो की मी आधी काडतूस काढायचो अन् मंग बूट. सतरा वर्षं एक दिवस चुकला न्हाई. अन् त्या दिवशी बूट आधी काढले.

सोमवारी दुपारी मी मोटर चालू करायला गेलो अन् कपाटाची चावी कपाटालाच राह्यली. सूनबाईनं शालूला कुरडया आणायला पाठवलं. महिनाभर तीच आणायची. तिनं कपाट उघडलं अन् बंदुकीचा पट्टा धरून ओढायला लागली.

तेवढ्यात साक्षी दारात आली. आपल्या भारतची लेक, नऊ वर्षांची. तिनं हिसकावलं न्हाई, ओरडली न्हाई. जागची हललीसुद्धा न्हाई. हळूच म्हणाली, की शालू, ते सोड अन् जल्दी ये, मांजरीनं पिल्लं आणलीत. शालूनं पट्टा सोडला अन् पळत बाहेर आली. साक्षीनं खोलीला कडी घातली अन् दाराला पाठ लावून बसली. सूनबाई कुरडयांसाठी आली तर तिलाही आत जाऊ देईना. आत बंदूक आहे, आजोबाला बोलवा, एवढंच म्हणत राह्यली. बंदूक तर ठाण्यात, खोटं बोलते म्हणून आईनं कान पिळला, डोळ्यांत पाणी आलं, पण पोरगी उठली न्हाई.

मी आलो, बंदुकीच्या नळ्या उघडून बघितल्या. डाव्या नळीत काडतूस होतं. ते काढून खिशात टाकलं अन् साक्षीपाशी भुईवर बसलो.

साक्षीला मी कधीतरी गमतीनं शिकवलं होतं, की कुणाच्या हातात हत्यार दिसलं तर ओढायचं न्हाई, माणूस बाहेर काढायचा अन् मोठ्याला सांगायचं. मी विसरलो, ती न्हाई विसरली. काय पोरगी आहे, अक्का! मी दोन्ही पोरींना, भारतला अन् सूनबाईला समोर बसवलं अन् सांगितलं, की चुकी शालूची न्हाई, सूनबाईची न्हाई, चुकी माझी आहे. बंदूक दुसऱ्या दिवशीच ठाण्यात देऊन आलो. लायसन रद्द करायचा अर्जही दिला. डुकरांसाठी पत्र्याचे डबे वाजवू.

तू विश्वासानं लेकरू पाठवलं होतं. शिव्या दे, पण मनातून काढू नको.

तुझा अपराधी
अण्णा


धावडा
दि. १७ जून २०२४

चि. अण्णासाहेबास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

शालू आली. तिला पोटाशी धरून मी लई रडले. ती म्हणते, साक्षीताई लबाड आहे, मांजरीची पिल्लं नव्हतीच.

तुझा लई संताप आला. दोन दिवस पत्राला हात लावला न्हाई. मंग परत वाचलं, अन् एका ओळीपाशी येऊन थांबले. चुकी माझी आहे, ती ओळ. तीन वेळा वाचली.

अण्णा, भिवा खेळता खेळता गेला, एवढंच तुला माहीत आहे. ते अर्धंच आहे. मी दहा वर्षांची, तो सहाचा. आपल्या वडिलांची ठासणीची बंदूक भरलेली, शेतातल्या खोपीत टेकवून ठेवलेली. भिवानं उचलली. मी धावले अन् त्याच्या हातातून ओढली. ओढताना बार उडाला.

सगळे म्हणाले, पोरीनं ओढली म्हणून झालं. आईसुद्धा. वडील काहीच बोलले न्हाईत. मरेपर्यंत बोलले न्हाईत. बंदूक भरून कोणी ठेवली, हे त्या घरात कुणी विचारलंच न्हाई. मीही न्हाई विचारलं. बासष्ट वर्षं मी ते एकटीनं वागवलं. तुझ्यावरचा माझा राग आहेच, तो जायला वेळ लागेल. पण आपल्या घरात असं कबूल करणारा तू पहिला माणूस आहेस. साक्षीला माझं हे सांगायचं तर सांग, तिला कळेल. तिच्यासाठी लुगड्याची गोधडी शिवायला घेतली आहे.

जिवाला जप.

तुझी
अक्का


कुंभार पिंपळगाव
दि. २३ जून २०२४

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र घेऊन बांधावर जाऊन बसलो. एवढं मोठं तू एकटीनं सोसलं अन् मला कोंबडीच्या पायावरून चिडवत राह्यली!

वडिलांनी म्हणायचं होतं ते मी म्हणतो, उशीर झाला तरी. चुकी त्यांची होती, अक्का. मी त्यांच्या वतीनं तुझी माफी मागतो.

साक्षीला सांगितलं. तिनं विचारलं, की अक्काआजी तेव्हा केवढी होती. दहाची, म्हणालो. म्हणजे माझ्याहून एकच वर्षानं मोठी, म्हणाली. मंग विचारलं, की तिला कोणी शिकवलं होतं का, ओढायचं न्हाई म्हणून. मी म्हणालो, न्हाई, कुणीच न्हाई.

पोरीनं हातातले गजगे खाली ठेवले. मंग म्हणाली, की आजीला आजच लिहा, तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तर तिची काय चुकी.

म्हणून आजच लिहितो आहे. गोधडी घेऊन तूच ये. कपाटात आता कुरडयाच आहेत.

तुझा
अण्णा